वाणाचं वाण

(संक्रांतीच्या आठवड्यात सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

भोगी दोन दिवसांवर आली आहे. बाजरी दळून आणली असेल, तीळ निवडून झाले असतील, सुगडं आणायची कदाचित राहिली असतील. हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

मी संगमनेर तालुक्यातल्या पठार भागात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. माझं माहेर पारनेर तालुक्यातलं. कामामुळे आठ-दहा गावांत सारखं जाणं-येणं असतं, त्यामुळे हळदीकुंकवाची बोलावणीही पुष्कळ येतात. गेल्या वर्षी रथसप्तमीपर्यंत मी नऊ घरी जाऊन आले. घरी येऊन पिशवी उपडी केली. नऊ वाणांपैकी सहा म्हणजे प्लास्टिकच्या डब्या. गोल, झाकणाच्या. एक गुलाबी, दोन हिरव्या, बाकीच्या निळ्या. रंग वेगळे, डबी तीच. एक माझ्या माहेरची होती, एक अकोल्याकडची, बाकीच्या आमच्याच भागातल्या. माझी मुलगी सहावीत आहे. ती म्हणाली, "आई, सगळ्याजणी एकाच दुकानात गेल्या होत्या का?"

मला हसू आलं. मग वाटलं, पोरगी खोटं बोलत नाही. दुकानं वेगळी होती, पण सगळ्या दुकानांत माल एकाच ठिकाणाहून आला होता.

माझ्या आईच्या वाणाची आठवण मला आहे. कुणाकडून बुरडाची लहानशी सुपली यायची, कुणाकडून कुंभाराची पणती, कुणी ओंजळभर हरभऱ्याचे घाटे आणि बोरं द्यायचं, कुणी गुळाचा खडा. वाण बघून कळायचं की हे कुठल्या गावचं, कुणाच्या घरचं. आता डबीवरून काही कळत नाही. डबी टिकाऊ आहे, स्वस्त आहे, कामाची आहे. मी त्या सहाही वापरते. पण त्यांच्यावर कुणाचं नाव नाही, गाव नाही.

आजचा आपला विषय याच डबीचा आहे. त्याचं मोठं नाव जागतिकीकरण. १९९१ साली आपल्या देशानं परदेशी मालाला आणि परदेशी पैशाला दारं मोठी केली. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना सुरू झाली आणि भारत पहिल्या दिवसापासून तिचा सभासद झाला. मग टीव्हीवर वाहिन्या आल्या, मागून मोबाइल आला. माल, पैसा, बातमी, गाणं, कपडा, सगळं जगभर पळायला लागलं. त्यातलं पुष्कळसं आपल्या फायद्याचं आहे. पण त्याबरोबर एक गोष्ट घडली. नगरपासून नागपूरपर्यंत लग्नात तीच गाणी वाजतात, हळदीला तेच पिवळे कपडे आणि तसाच फुलांचा पडदा असतो. जेवणात तेच पनीर आणि तीच नूडल्स. सगळं एकसारखं व्हायला लागलं.

आपला जिल्हा तर वेगळेपणाचं माहेर आहे. अहिल्यानगर जिल्ह्याचे चौदा तालुके. पश्चिमेला अकोल्यात कळसूबाईच्या पायथ्याशी भात, नागली, वरई. तिथला पाऊस वेगळा आणि चूलही वेगळी. उत्तरेला प्रवरा-गोदेचा ऊस. आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना लोणीला इथंच उभा राहिला. दक्षिणेला कर्जत-जामखेडची ज्वारी आणि जवसाची चटणी. आमच्या पारनेरकडे बाजरी, हुलग्याची शेंगोळी आणि माडगं. एकाच जिल्ह्यात शंभर कोसांवर नव्हे, दहा कोसांवर आमटीची चव बदलते. बदलायची, असं म्हणू का? ते आज आपण बघणार आहोत.

पण आधी एक चूक दुरुस्त करते. आपण म्हणतो, परदेशातून आलेलं सगळं आपल्या संस्कृतीला मारक. मग येत्या एकादशीच्या ताटाकडे जरा नीट बघा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचाच. शेंगदाणा तिकडचा. रताळं तिकडचं. आणि हिरवी मिरचीसुद्धा तिकडचीच. १४९८ मध्ये वास्को द गामा समुद्रमार्गानं भारतात आला, त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून ही पिकं हळूहळू आपल्याकडे पोचली. त्याच्या आधी आपल्याकडे तिखटाला मिरी होती. म्हणजे आपला कडक उपासाचा फराळ बहुतेक सगळा परदेशी! तरी तो आपल्याला परका वाटतो का? देवाला चालतो, सासूबाईंना चालतो.

असं का झालं? मिरचीचंच बघा. मिरची आली तेव्हा बाहेरचीच होती. पण आपल्या बायकांनी ती लावली, लाल झालेली चांगली मिरची निवडली, वाळवली, तिचं बी पुढच्या वर्षाला ठेवलं. कुणी रंग बघून बी ठेवलं, कुणी तिखटपणा बघून. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. मग एका मिरचीच्या कितीतरी मिरच्या झाल्या. संकेश्वरी, ब्याडगी, लवंगी, विदर्भातली भिवापुरी. प्रत्येकीचा रंग वेगळा, ठसका वेगळा, माती वेगळी. बाहेरून एक वस्तू आली आणि तिनं आपल्याकडचा वेगळेपणा वाढवला. कारण तिचं बी आपल्या हातात होतं.

आजच्या बोलण्यातलं एवढं एकच लक्षात ठेवा. बी आपल्या हातात असेल तर परकंही आपलं होतं. बी हातातून गेलं की आपलंही परकं होतं.

आता बियाण्याकडे येऊ. संकरित बियाणं, ज्याला आपण हायब्रीड म्हणतो, ते दोन वेगळ्या जातींचा संकर करून तयार होतं. पहिल्या वर्षी पीक जोमदार येतं, सगळी झाडं सारखी, फळं सारखी, माल एकाच वेळी तयार. व्यापाऱ्याला सोयीचं, आपल्यालाही चार पैसे जास्त. मात्र त्यातलं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर झाडं पांगतात. एक उंच, एक खुजं, एकाला फळ, एकाला नाही. म्हणून दर वर्षी दुकानात जायचं. हायब्रीड वाईट आहे असं मी म्हणत नाही. आमच्या शेतात टोमॅटो हायब्रीडच आहे, त्यावर घराचा हप्ता फिटतो. पण मिरचीला आपली व्हायला जेवढा वेळ मिळाला तेवढा या बियाण्याला कधी मिळतच नाही. ते दर वर्षी नव्यानं पाहुणं म्हणून येतं.

यात बाईचं काय गेलं तेही बघा. माझ्या सासूबाई सांगतात, पूर्वी पेरणीच्या आधी घरातला गडी बाईला विचारायचा, "बी किती आहे गं?" घेवड्याचं, दोडक्याचं, भोपळ्याचं, बाजरीचं बी मडक्यात राखेत घालून, वर लिंबाचा पाला ठेवून ती सांभाळायची. तोंड शेणामातीनं लिंपायची. कुठलं कणीस बियाण्याला ठेवायचं हे तीच ठरवायची. बी मडक्यातून निघून तालुक्याच्या दुकानात गेलं, तेव्हा दुकानात जाणारा वेगळा होता. पेरणीआधी बाईला विचारायचं कारण उरलं नाही. जागतिकीकरण म्हणजे कुठंतरी दिल्ली-मुंबईत घडलेली गोष्ट असं आपल्याला वाटतं. ते आपल्या मडक्यापर्यंत असं येऊन गेलं.

हे मडकं ज्या बाईनं सोडलं नाही ती आपल्याच जिल्ह्यातली आहे. अकोले तालुक्यातलं कोंभाळणे गाव, आणि राहीबाई पोपेरे. शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी गावठी वाण शोधून, लावून, बी राखून घरात बियाण्याची बँक उभी केली. भात, नागली, वाल, घेवडे, भाज्या असे शंभराहून अधिक वाण. बाएफ या संस्थेची त्यांना मदत झाली. त्यांच्या बँकेची रीत आपल्या बचत गटासारखीच आहे. बी न्यायचं, पेरायचं, आणि पीक आल्यावर जास्तीचं बी परत आणून द्यायचं. व्याज बियाण्याचंच! अकोल्यातला काळभात, रायभोग, जिरवेल ही नावं आज आपण घेतो ती अशा लोकांमुळे. २०१८ मध्ये बीबीसीनं जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत राहीबाईंचं नाव घेतलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे बघा, ज्या वाऱ्यानं कोंभाळण्यात हायब्रीड आणलं, त्याच वाऱ्यावर कोंभाळण्याचं नाव लंडनला गेलं.

नॉर्वे देशाच्या उत्तरेला एका बर्फाळ बेटावर, डोंगराच्या पोटात, २००८ पासून जगभरच्या बियाण्यांची एक मोठी कोठी आहे. युद्ध, पूर, काहीही झालं तरी बी शिल्लक राहावं म्हणून. चांगलं काम आहे. पण कोठीतलं बी झोपलेलं असतं. राहीबाईंचं बी दर पावसाळ्यात जागं होतं. पाऊस उशिरा आला, ऊन वाढलं, नवी कीड आली, तर त्यातलं जे टिकतं त्याचंच बी पुढे जातं. दर वर्षी ते नवं काहीतरी शिकतं.

आणि सगळं एकसारखं असण्यात धोका काय, हे एका देशानं फार मोठी किंमत मोजून शिकलं. आयर्लंड. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांमधला. तिथं त्याच्या हजारो जाती. आयर्लंडच्या गरिबांनी मात्र प्रामुख्यानं एकच जात लावली, कारण ती भरपूर पिकायची. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला. सगळीकडे तीच जात, म्हणून सगळीकडे तोच रोग. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि आजारानं गेली, तेवढीच देश सोडून गेली. जमीनदारांचा आणि सरकारचा दोषही त्यात मोठा होता. पण शेतात दुसरी जात असती तर काही घरांच्या चुली तरी पेटल्या असत्या. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेचा अंदाज आहे की विसाव्या शतकात जगातल्या पिकांमधली सुमारे ७५ टक्के विविधता शेतांतून गेली.

बियाण्याला जे लागू, ते चवीला, गाण्याला, भाषेलाही लागू. २००१ साली युनेस्कोनं संस्कृतीच्या विविधतेचा जाहीरनामा केला. त्यात म्हटलं आहे की निसर्गाला जशी जीवांची विविधता लागते, तशी माणसाला संस्कृतीची विविधता लागते.

आता मी एक कबुली देणार आहे. वरच्या गोष्टीत दोष दुसऱ्यांवर टाकणं सोपं होतं. ही गोष्ट आमचीच आहे.

आमच्या गटात अकरा बायका. काळा मसाला करून विकायचं ठरलं. सुरुवातीला आळीपाळीनं प्रत्येकजण करायची. प्रत्येकीचा मसाला वेगळा. कुणी कांदा भाजून वाळवून घालायची, कुणी खोबरं जास्त, कुणी धने जास्त, कुणाला नागकेशर लागायचं, कुणाला चालायचं नाही. पुण्याच्या एका दुकानदारानं माल घेतला. दुसऱ्या महिन्यात त्याचा फोन. "ताई, मागचा मसाला चांगला होता, पण हा तसा नाही. गिऱ्हाईक विचारतं. मला दर वेळी तोच पाहिजे."

त्याचं चूक नव्हतं. आम्ही बसलो, मिरची किती, धने किती, खोबरं किती, तेल किती, सगळं वजनावर ठरवलं. अन्न परवाना काढला, पाकिटावर वजन आणि तारीख छापली. गिरणीत एकाच दिवशी कांडप. धंदा वाढला. गटाचं कर्ज वेळेच्या आधी फिटलं. मी प्रशिक्षणात हे उदाहरण म्हणून सांगायची. अजूनही सांगते.

आमच्यात सर्वांत मोठ्या एक नानी होत्या. त्यांच्या मसाल्यात दगडफूल थोडं जास्त असायचं, कांदा चुलीच्या निखाऱ्यात भाजलेला, आणि मूठभर कारळं. त्यांच्या हातची आमटी अंधारात खाल्ली तरी ओळखू यायची. प्रमाण ठरवताना त्यांचं कारळं आम्ही काढून टाकलं. मसाला लवकर खवट होईल असं वाटलं. नानी काही बोलल्या नाहीत. हळूहळू त्यांनी घरचा मसाला करणंही सोडलं. गटाचं पाकीट घरात येतंय, तर वेगळं कशाला कांडा? आम्ही सगळ्यांनीच सोडलं.

मागच्या वर्षाच्या आधीच्या दिवाळीत नानी गेल्या. पंधरा-वीस दिवसांनी त्यांची सून माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, आत्याबाईंच्या मसाल्याचं प्रमाण तुमच्या वहीत असेल ना? घरात सगळे म्हणतात, आमटीला चव नाही."

मी वह्या काढल्या. पहिल्या बैठकीपासूनच्या वह्या आहेत आमच्याकडे. कुणी किती बचत भरली, कुणाचा हप्ता थकला, कुणाला उशिराचा दंड पाच रुपये, सगळं लिहिलेलं. नानींची सही प्रत्येक पानावर, वाकडीतिकडी, गटात आल्यावरच शिकलेली. मसाल्याचं प्रमाण कुठंच नव्हतं. आम्ही पैसा पैसा लिहिला होता, ही दौलत लिहिली नव्हती.

ती सून रडली नाही, मीही नाही. चहा घेतला आणि ती गेली. पण त्या दिवशी मला कळलं की अकरा घरांचे अकरा मसाले आम्ही एक केले होते. कुठल्या परदेशी कंपनीनं नाही. आम्हीच, चांगल्या हेतूनं, बैठकीत ठराव करून.

विकणं चूक नव्हतं. सारखा माल देणंही चूक नव्हतं. चूक ही झाली की बाजाराला एक मसाला देताना आम्ही घरचेही दहा सोडून दिले. बाजाराला एक लागतो. घराला एक पुरत नाही.

लिहून ठेवण्यानं काय होतं, त्याचं एक मोठं उदाहरण सांगते. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम बरी करण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दोन संशोधकांना मिळालं. पेटंट म्हणजे ही युक्ती आमची, दुसऱ्यानं आमच्या परवानगीशिवाय वापरायची नाही, असा कायदेशीर हक्क. हसू येतं ना? बोट कापलं की आपण आधी हळद दाबतो. पण न्यायनिवाड्यात "आमची आजी करायची" हे पुरत नाही, पुरावा लागतो. आपल्या देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, म्हणजे सीएसआयआरनं, जुने ग्रंथ आणि छापील लेख शोधून पुढे ठेवले. तेव्हा परिषदेचे प्रमुख होते आपले डॉ. रघुनाथ माशेलकर. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून हळद सुटली. आणि मैत्रिणींनो, पुढे राहीबाईंना "बीजमाता" हे नाव दिलं तेही याच माशेलकरांनी.

आता कुणी म्हणेल, ताई, मोबाइलनंच तर सगळं एकसारखं केलं. ते अर्धंच खरं आहे. नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिल्या असतील. "आपली आजी". वयाच्या सत्तरीत, शाळेत न गेलेली ही बाई २०२० पासून यूट्यूबवर स्वयंपाक दाखवते. नातवानं कॅमेरा धरला. कारल्याची भाजी, गावरान पद्धतीची, लाखो लोकांनी बघितली. नगरी बोलीत, आपल्या चुलीसमोर, आपल्या मापानं. साधन जगाचं, पण बी आजीच्या हातातलं.

जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. गिरणी आली, जातं सुटलं आणि ओव्या थांबल्या. मी कुणाला पुन्हा पहाटे चारला जात्यावर बसायला सांगणार नाही. माझ्या आजीचे खांदे त्या जात्यानं गेले. पण त्या ओव्यांमध्ये बायकांनी आपलं सगळं मन घातलेलं होतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव जाऊन बायकांकडून त्या ऐकल्या, लिहून घेतल्या, ध्वनिमुद्रित केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो ठेवा आहे, त्यातल्या पुष्कळ ओव्या आज इंटरनेटवर कुणालाही मोबाइलवर वाचता येतात, काही ऐकताही येतात. ओवी म्हणणाऱ्या बाईच्या नावासह, गावासह. डबीवर जे नव्हतं ते इथं आहे.

मग आपण काय करायचं? माझ्याकडे मोठा उपाय नाही. चार लहान कामं आहेत, गटाच्या बैठकीत होण्यासारखी.

पहिलं, गटाच्या वहीची शेवटची वीस पानं बाजूला ठेवा. प्रत्येक सदस्याचा मसाला, लोणचं, कुरडई, बाळंतिणीचे लाडू, तिच्या मापात लिहा. "ओंजळभर" म्हणाली तर ओंजळभर लिहा आणि कंसात वजन करून टाका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मोबाइलवर बोलणं मुद्रित करा. सर्वांत आधी गटातल्या सर्वांत मोठ्या बाईकडे जा. आम्ही उशिरा सुरू केलं, तरी सहाजणींचं लिहून झालं आहे. पुण्याच्या दुकानदाराला अजून तोच एक मसाला जातो. पण तालुक्याच्या बाजारात आणि प्रदर्शनात आता आम्ही तीन ठेवतो, करणाऱ्या बाईचं नाव पाकिटावर घालून. खप थोडा आहे. पण मागच्या प्रदर्शनात एक गिऱ्हाईक परत येऊन म्हणालं, "मला त्या कांद्याच्या मसाल्याच्या बाईंचाच द्या." असं आम्हाला आधी कधी कुणी म्हटलं नव्हतं.

दुसरं, शेत हायब्रीडचं असू द्या, पण बांध आणि परसबाग गावठी वाणाला ठेवा. आमच्या गटातली एक नवी सून विचारते, "ताई, गावठी घेवडा विकत कोण घेतो?" कुणी नाही घेतला तरी घरात शिजेल, बी राहील. शिवाय दुकानातलं सगळंच बी हायब्रीड नसतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं काढलेले रब्बी ज्वारीचे फुले वसुधा, फुले रेवती हे सरळ वाण आहेत. त्यांचं बी नीट राखून पुन्हा पेरता येतं. बी घेताना दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा : हे संकरित आहे की सरळ वाण?

तिसरं, आपला हक्क माहीत असू द्या. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. आपल्या शेतात पिकलेलं बी राखणं, पुन्हा पेरणं, शेजारणीला देणं, विकणं हा शेतकऱ्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. फक्त दुसऱ्याच्या संरक्षित वाणाचं बी त्याच्या छापाच्या पिशवीत भरून विकता येत नाही. शेतकऱ्यांना आपल्या गावठी वाणाची नोंदणीही करता येते. आपल्या पंचक्रोशीत एखादा खास घेवडा, खास भात असेल तर कृषी विज्ञान केंद्रात जाऊन चौकशी करा.

चौथं काम आत्ताचंच. संक्रांतीचं. आपल्या भाषेत एक गंमत आहे. हळदीकुंकवाला देतो ते वाण, आणि पिकाची जात तीही वाणच. कुणी मुद्दाम केल्यासारखी गोष्ट. यंदा आमच्या गटानं ठरवलं आहे, डबी द्यायची नाही. कागदाच्या पुडीत बी द्यायचं. घेवडा, दोडका, भोपळा, गवार, ज्या घरी जे असेल ते. पुडीवर बियाचं नाव, गावाचं नाव आणि देणारीचं नाव. घेणारीनं लावायचं आणि पुढच्या संक्रांतीला त्यातलंच बी आणखी दोघींना द्यायचं. आणि हे वाण प्रत्येक बाईला द्यायचं, जिचा नवरा नाही तिलाही. बी कपाळावरचं कुंकू बघून उगवत नाही.

खर्च म्हणाल तर कागदाचा. डबीपेक्षा कमी.

परवा नानींच्या सुनेकडे गेले होते. परसात मांडवावर घेवडा चढलाय. म्हणाली, आत्याबाईंच्या मडक्यात तळाशी मूठभर बी सापडलं, म्हणून लावून बघितलं. मसाला गेला, पण घेवडा राहिला. यंदाच्या पुड्यांमधली पहिली पुडी तिच्या घरची आहे. त्यावर तिनं सुनेचं म्हणजे स्वतःचं नाव नाही लिहिलं, नानींचं लिहिलंय. मी तिला म्हटलं, खाली तुझंही लिही. राखणारीचंही नाव लागतं.

तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि मडकं रिकामं ठेवू नका. नमस्कार.